फोटोतून कापलेली शेपूट

आधीच सांगून ठेवतो, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. मी बस चालवायचो तेव्हा माझ्या बसमध्ये एकदा बेडकाची अंडी चढली, वाटेत वयात आली, आणि शेवटच्या थांब्यावर उतरून त्यांनी एका बड्या माणसाचं नाक भर सभेत कापलं.

"बसणार नाही म्हणता, मग सांगता कशाला?" जावई म्हणाला. तो लिफ्ट तपासायचं काम करतो. कशावरही भरवसा ठेवायचा नाही, याचाच त्याला पगार मिळतो.

सांगत होतो, कारण समोर टीव्ही चालू होता आणि टीव्हीवर तो बडा माणूस बसला होता. केस पिकलेले, गळ्यात पदक, आणि तोंडात खडीसाखर धरल्यासारखं हसू. निवेदिका सांगत होती की बेडकाच्या पिल्लाची कातडी कशी घडते हे कोडं यांनी सोडवलं, म्हणून संस्थेच्या मोठ्या सभागृहाला आता यांचंच नाव द्यायचं ठरलं आहे. माझी नात मान वळवून म्हणाली, "आजी, हे तुझे सर ना गं?"

आजी म्हणजे आमची ही. टेबलाशी बसून मटार सोलत होती. "हो," म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. एवढंच. ज्या माणसाने हिला हिच्या लॅबमधल्या स्टुलावरून उठवलं त्याच्यासाठी 'हो', आणि वर एक शेंग. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तो टीव्ही बंद कर," मी नातीला म्हणालो, "आणि खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक."

"आबा, रक्तदाब," जावई म्हणाला.

"रक्त माझं, दाबही माझा. तुम्ही तुमची लिफ्ट सांभाळा."

मी सुरू केलं.

आधी कातडी समजून घ्यायची, नाहीतर पुढचा राग समजणार नाही. आमच्या डेपोतल्या प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटमागे एक पेटी असायची आणि तिच्यात सगळ्या मार्गांच्या पाट्या. पण काचेमागे पाटी लागायची एकच. जी लावली त्या गावाची ती बस. अंगातल्या पेशींचंही तसंच असतं. सगळी जनुकं प्रत्येकीच्या पेटीत असतात, पण कोणती बाहेर काढून लावली त्यावर ती कोण होणार हे ठरतं. बेडकाचं पिल्लू अजून अंड्यातच असतं, डोळे नाहीत, तोंड नाही, तेव्हाच त्याच्या कातडीतल्या पेशी आपापल्या पाट्या लावायला घेतात. काहींच्या अंगावर बारीक लव उगवते आणि ती लव वल्ह्यांसारखी पाणी मागे ढकलत राहते. बाकीच्या बुळबुळीत रस सोडतात, आणखी काय काय करतात. आणि लववाल्या दोघी कधी मांडीला मांडी लावून बसत नाहीत. एकीने ती पाटी लावली की शेजारणीला बजावते, ही माझी, तू दुसरी बघ. त्यामुळे ठिपक्याठिपक्याच्या कापडासारखी लववाल्या पेशींची नक्षी अंगभर पसरते.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?" नातीने विचारलं.

"जेवताना शिकलो. तुझी आजी जेवताना दुसरं बोलायचीच नाही. मी म्हणायचो भाजीत मीठ नाही, ती म्हणायची आज ठिपके छान आले."

ठिपके म्हणजे खरोखरचे ठिपके. कोणत्या पेशीने कोणती पाटी लावली ते नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी पिल्लांना औषधात टाकून आहेत त्या घडीला थांबवायचं. मेली बिचारी. मग असा रंग द्यायचा की ज्या पेशीत ते ठरावीक जनुक चालू असेल तेवढीच निळी होईल. तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं पांढरं पिल्लू आणि त्याच्या कुशीवर निळे ठिपके. हिने ज्या एका जनुकापायी आपली उमेदीची वर्षं त्या स्टुलावर काढली, त्याला मी कंडक्टर म्हणायचो. त्याने घंटा मारल्याशिवाय लवेची गाडी सुटत नाही. त्याचं खरं नाव हिला विचारा, निम्मी अक्षरं आणि निम्मे आकडे आहेत.

"कंडक्टर चालेल," ही मटारातून म्हणाली.

आता हिचा हात कसा होता ते सांगतो, कारण सगळं भांडण हातावरूनच झालं. एवढुसं ते पिल्लू, त्याच्या कातडीचा तुकडा काढायचा तर सुरी चालत नाही, सुई चालत नाही. काचेच्या काडीच्या टोकाला एक केस चिकटवायचा आणि त्या केसाने कापायचं. आणि तो केस डोक्याचा चालत नाही, तो लुळा पडतो. भुवईचा लागतो. टोकाला निमुळता आणि ताठ. हिच्या भुवया नाजूक, म्हणून केस माझ्या भुवईचा जायचा. सकाळी मी डबा हातात घेऊन दारात उभा असायचो आणि ही चिमटा घेऊन माझ्यासमोर. म्हणून माझी डावी भुवई आजही विरळ आहे, बघा.

जावई हसायला लागला. "आबा, भुवईने बेडूक कापला. हे मी ऑफिसात सांगेन."

"ते खरं आहे," ही म्हणाली. "सगळेच तसं करतात. यांची भुवई चांगली होती."

जावयाचं हसू अर्ध्यावर राहिलं. हे असं असतं. मी खरं सांगतो तेव्हा लोक हसतात.

तर त्या लॅबमध्ये सर होते, म्हणजे आत्ता टीव्हीवर दिसले ते, आणि सरांचा एक लाडका होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण कोणी काढली ठाऊक नाही, पण ती त्या लॅबचं दार उघडून आत डोकावल्यावरच सुचलेली असणार. लाडक्याने बशी फोडली तर बशीच पातळ होती. हिने लावलेल्या रंगाचे ठिपके सुरेख आले तर त्या दिवशी रंग चांगला होता. नावडतीचं मीठ अळणी. मी हिला म्हणायचो, दुसरीकडे जा. ही म्हणायची, बेडक्या इथे आहेत.

सरांच्या डोक्यात एक मोठी कल्पना बसली होती. कंडक्टरच्या वर एक डेपो मॅनेजर आहे, असं दुसरं एक जनुक. मॅनेजरला गप्प केलं तर कंडक्टर कामावरच येणार नाही, घंटा होणार नाही, कातडीला लव फुटणार नाही. दाखवायला सोपं. अंड्याला केसाएवढ्या काचेच्या सुईने टोचून मॅनेजरला गप्प करायचं, काही अंडी न टोचता ठेवायची, आणि पुढे दोन्हींना रंग द्यायचा. लाडक्याने ते केलं आणि फोटो आणला. एका बाजूला न टोचलेल्याची कूस, निळ्या ठिपक्यांनी भरलेली. दुसऱ्या बाजूला टोचलेल्याची कूस, कोरी. एक ठिपका नाही. सर त्या दिवशी लॅबमध्ये शीळ घालत फिरले म्हणे. शीळ त्यांना येत नव्हती, तरी घातली.

फोटो बाहेरच्या एका शोधपत्रिकेत छापायला गेला. तिकडच्या जाणत्यांनी एकच प्रश्न विचारला की हे दुसऱ्या कोणाच्या हाताने करून पाहिलं आहे का. आणि मग सरांना अचानक आठवलं की आपल्याकडे आणखी एक हात आहे.

"तुम्ही करून बघा," ते हिला म्हणाले, "आणि आलं म्हणून सांगा."

वाक्य बघा. करून बघा आणि आलं म्हणून सांगा. बघायच्या आधीच काय दिसलं ते ठरलेलं.

हिने केलं. टोचलेल्यांना ठिपके, न टोचलेल्यांना ठिपके. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दोन्ही बशा शेजारी ठेवल्या तर कोणती कुठली ते ओळखता येईना. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुमचा हात बसलेला नाही."

"असं म्हणाले?" नातीने आजीकडे बघून विचारलं.

"म्हणाले," ही म्हणाली.

मी उठून उभा राहिलो होतो. खुर्चीत बसून ते वाक्य मला आजही सांगता येत नाही. ज्या हाताने भुवईच्या केसाने पिल्लाची कातडी सोलून काढली आणि खालचं काही दुखावलं नाही, तो हात बसलेला नाही. आणि हे म्हणतंय कोण, तर ज्याने मी ओळखतो तेव्हापासून सुई हातात धरलेली नाही तो. उंटावर बसून शेळ्या हाकायच्या आणि शेळी हरवली तर वाटेला शिव्या द्यायच्या.

ही रडली नाही. ही रडत नाही. ही लॅबमधल्या फ्रिजकडे गेली. तिथे लाडक्याची रंगवलेली पिल्लं बारक्या काचेच्या नळ्यांत ठेवलेली होती, ज्यांचा फोटो काढला तीच. तिने ती बशीत ओतली आणि मायक्रोस्कोपखाली अख्खी बघितली. अख्खी, हे लक्षात ठेवा, कारण फोटोत ती अख्खी नव्हती. फोटोत नुसती कूस होती. डोकं कापलेलं, शेपूट कापलेली. आणि अख्खी बघितल्यावर जे दिसलं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. न टोचलेली पिल्लं लांब होती, डोळ्याचे उंचवटे आलेले, शेपटी फुटलेली. टोचलेली अजून आखूड. शेपूट नाहीच.

"म्हणजे टोचल्यामुळे वाढ खुंटली," जावई म्हणाला.

"बघा, तुम्हीही सर झालात. खुंटली नाही. ती लहान होती. वयाने लहान."

टोचलेली अंडी गार कपाटात ठेवतात, जखम सावकाश भरावी म्हणून. ती पद्धतच आहे, हीसुद्धा तसंच करायची. पण ही दोन्ही बशा त्याच कपाटात ठेवायची. लाडक्याने टोचलेली कपाटात ठेवली आणि न टोचलेली बाहेर फळीवर, खिडकीशी उबेत. मग घड्याळ लावलं आणि घंटा झाल्यावर दोन्ही एकाच वेळी औषधात टाकली. बेडकाच्या पिल्लाला घड्याळ कळत नाही. ऊब मिळाली की ते धावतं, गारव्यात रेंगाळतं. त्या धंद्यात वय तासांनी मोजत नाहीत, अंगावरून ओळखतात. हे तिथल्या प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात सांगितलेलं असतं, आणि सांगणारे सरच असतात. म्हणजे फोटोतल्या त्या कोऱ्या कातडीत कंडक्टर गैरहजर नव्हता. त्याची पाळीच सुरू झाली नव्हती. घरून अजून निघाला नाही त्याला तुम्ही गैरहजर लिहून मोकळे झालात.

हिने लाडक्याला बोलावलं. म्हणाली, "जरा शेपूट बघ."

तो म्हणाला, "प्रश्न शेपटीचा नाही, कातडीचा आहे."

मला एवढंच सांगा, हे वाक्य ऐकून कोणाचं डोकं ठिकाणावर राहील? माझं राहिलं नाही. मी त्या दिवशी दोन थांबे न थांबता गेलो. लोक ओरडले तेव्हा मी म्हणालो, प्रश्न थांब्याचा नाही, रस्त्याचा आहे.

नात मोठ्याने हसली. ही खाली बघत होती, पण शेंग सोलायची थांबली होती.

मग ही सरांकडे गेली. दार लावून. दार कशाला लावायचं, पलीकडून सगळं ऐकू येत होतं आणि ज्यांनी ऐकलं त्यांनी मला नंतर सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. ते मूर्ख नव्हते, हीच तर आग आहे. मूर्ख असते तर मी कधीच विसरलो असतो. त्यांना कळलं. कळल्यावर ते म्हणाले, "त्या मुलाला बाहेर मोठी जागा मिळते आहे, या फोटोवर. आणि तुम्हाला बेडकीच्या शेपटीचं पडलंय."

ही म्हणाली, "फोटो खोटा आहे."

"फोटो खरा आहे. पिल्लं खरी, रंग खरा. तुम्ही फक्त सांगायचं की तुमच्याही हाताने आलं. नाहीतर पुढच्या हंगामापासून इथे तुमच्यासाठी काम नाही."

म्हणजे एवढंच. खोटं बोल आणि स्टुलावर बस, नाहीतर ऊठ. ही तीन शब्द बोलली. "आलं नाही सर." आणि बाहेर आली.

"मग?" नात म्हणाली.

"मग घरी आली आणि भांडी घासली. अशी घासली की एका कढईचा कान निघाला. मी म्हणालो, मी उद्या बस घेऊन त्या माणसाच्या पायरीवर चढवतो. ही म्हणाली, गप्प बसा. मी गप्प बसलो. गप्प बसून जेवढा राग येतो तेवढा बोलून येत नाही."

इथे जावयाने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मी पाणी प्यायलो आणि बसलो. आता गोष्ट सुरू होते.

संस्थेत मोठी सभा ठरली होती. बाहेरगावचे तज्ज्ञ येणार, सर भिंतभर फोटो दाखवणार, लाडका शेजारी उभा राहणार. हिने ठरवलं, आपणही दाखवायचं. रंगवलेलं नको, जिवंत दाखवायचं. जिवंत पिल्लाच्या शेजारी पाण्यात शाईचा बारीक थेंब सोडला आणि कातडीवर लव असली, तर ती लव शाई डोक्याकडून शेपटीकडे ओढून नेते. नदीसारखी. मला हिने एका सुट्टीच्या दिवशी ते दाखवलं होतं. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बघतो तर एवढ्याशा अंगावरून निळा धूर वाहतोय, आणि पिल्लू आपलं स्वस्थ. मी डोळा काढला तेव्हा हिने विचारलं, काय दिसलं? मी म्हणालो, तुझा पगार कमी आहे.

तर टोचलेली पिल्लं घ्यायची, ज्यांना लव नाही असं सर म्हणणार, आणि सगळ्यांसमोर शाई सोडायची. शाई वाहिली की संपलं. पण अडचण बघा. सभेच्या सकाळी हिने कपाट उघडलं तर आदल्या दिवशी कोणीतरी गारवा वाढवून ठेवलेला. कोणी, ते मी सांगत नाही, पण त्याला शेपटीचा प्रश्न नव्हता. पिल्लं रेंगाळलेली. गोळेच नुसते, लव फुटायला अजून एक दिवस लागला असता. आणि सभा दुपारी.

ही झाकण लावलेली बशी घेऊन, ऊब शोधत थांब्यावर आली. माझी बस आली. जुनी बस, इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, त्यावर लोखंडी झाकण, आणि त्या झाकणावर हिवाळ्यात मी डबा गरम करायचो. मी म्हणालो, ठेव इथे.

"इंजिनावर," जावई म्हणाला.

"खाली माझा रुमाल चौघडी करून. मला काय उकडायची होती ती?"

पहिल्या गिअरमध्ये गोळ्यांना लांबी आली. बाजाराच्या चढावर इंजिन तापलं तसे डोळ्यांचे उंचवटे आले. मागून लोक पुढे यायला लागले. एक बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, त्यांचा थांबा गेला तरी उतरल्या नाहीत, म्हणाल्या, शेपूट फुटेपर्यंत थांबते. माझ्या कंडक्टरने घंटा मारली आणि तुम्हाला खोटं वाटेल, त्याच क्षणी आतल्या कंडक्टरने मारली. कातडीवर लव फुटली. बशीतली पिल्लं एका दिशेने गोल फिरायला लागली, सगळी मिळून, आणि बशी झाकणावर हळूहळू सरकायला लागली. मला एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने बशी धरावी लागली. पुलावर गाड्या अडकल्या, तिथे इंजिन फारच तापलं, आणि दोन-चार घाईच्या पिल्लांना पाय फुटले. एक तर उडी मारून पुढच्या सीटवर जाऊन बसलं. कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट लागेल. ही म्हणाली, आत्ताच जन्मलाय, फुकट सोडा.

"मी असं म्हणाले?" हिने विचारलं.

"म्हणालीस."

"बरं," ही म्हणाली आणि मटार पुढे सोलायला घेतले. नातीने माझ्याकडे बघून डोळा मारला.

मग मी मार्ग सोडला. पाटी एका गावाची आणि बस चालली संस्थेकडे. एकही प्रवासी कुरकुरला नाही. मी दारात ब्रेक दाबला आणि सगळी बस उतरली, पिशव्या, छत्र्या, कडेवरची पोरं, सगळे हिच्यामागे. रखवालदार म्हणाला, ओळखपत्र? त्या बाई म्हणाल्या, आम्ही शेपटीकडचे. सभागृह भरून गेलं. भिंतीवर तो फोटो, घराएवढी कोरी कातडी, आणि सर काडीने दाखवत होते, बघा, इथे काहीच नाही.

ही मधल्या वाटेने चालत गेली. घाई नाही, थरथर नाही. प्रोजेक्टरशेजारी मायक्रोस्कोप होता, त्याखाली बशी ठेवली. भिंतीवरचा फोटो गेला आणि जिवंत पिल्लू आलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खं. ही म्हणाली, "हे टोचलेलं आहे. हे वयात आल्यावर बघा." आणि शाईचा एक थेंब सोडला.

शाई वाहिली. भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुराच्या पाण्यासारखी, कुशीवरून, पाठीवरून, शेपटीच्या टोकाला जाऊन तिचा भोवरा झाला. मागून माझा कंडक्टर म्हणाला, डबल बेल. कोणी हसलं नाही. पाहुणे उठून पुढे आले. एकाने लाडक्याला विचारलं, तुमची बशी कुठे ठेवली होती? लाडका म्हणाला, फळीवर. आणि दुसरी? तो खाली बघायला लागला. ही म्हणाली, "माझा हात बसलेला नाही असं सांगण्यात आलं होतं. हा तोच हात." आणि हात वर करून दाखवला. मी शेवटच्या रांगेत उभा होतो, माझी टोपी हातात, आणि मला वाटलं, आता छत खाली आलं तरी चालेल.

मी पुन्हा उभा राहिलो होतो. माझा आवाज चढला होता, ते मला कळत होतं, पण गोष्ट आता जिथे आली होती तिथे आवाज खाली आणता येत नाही.

आणि मग सरांनी हातातली काडी टेबलावर ठेवली. व्यासपीठावरून खाली उतरले. एवढा मोठा माणूस, चेहरा राखेसारखा. हिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक माझी आहे. मला कळलं होतं आणि तरी मी तुम्हाला उठवलं. मला माफ करा. तुमचं स्टूल..."

"नाही," ही म्हणाली.

मी थांबलो. हिने हातातली शेंग टेबलावर ठेवली होती.

"अगं, गोष्ट आहे," मी म्हणालो.

"मग गोष्ट सांगा ना. बेडूक बसमध्ये बसवा, त्यांची तिकिटं काढा, मला भाषणं करायला लावा. इतका वेळ मी काही बोलले का? मला तर दारातच अडवलं होतं. मी बाहेर जिन्यात उभी होते, बशी हातात घेऊन, आणि आत टाळ्या वाजत होत्या. ते तुम्ही बदललंत, बदला. मला बरं वाटलं ऐकायला. पण माफी त्या माणसाच्या तोंडी घालू नका. त्याने ती मागितलेली नाही. तेव्हा नाही, नंतर नाही, आत्ता टीव्हीवरसुद्धा नाही. ती तुम्ही त्याला फुकट देऊ नका."